उजवीकडची सीट

२६ ऑक्टोबर २००१, दसरा

पहाटेपासून झेंडू तोडून हात पिवळे. माल भाड्याच्या टेम्पोनं मार्केटला गेला. मग हे उठले, काठी घेतली आणि शेडमधल्या जीपवरची ताडपत्री ओढून काढली. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. टायर मातीला चिकटलेले, बॉनेट गंजून लाल. तरी ह्यांनी तिला हार घातला, कुंकू लावलं आणि म्हणाले, "ही चालू करायची आता." मी म्हटलं, आधी कोंबडीला विचारा.

हसले. साखरेमुळं डाव्या पायाची बोटं काढावी लागली त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून असं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. कोंबडीला दुसरीकडं बसवलं. देवा, हसू राहू दे.

१ नोव्हेंबर

युसुफभाई आले. नाशिकला द्वारका चौकात गॅरेज आहे त्यांचं. ही जीप मार्केटला फुलं न्यायची तेव्हा तिची दुरुस्ती तेच करायचे. खाली झोपून पाटे ठोकले, इंजिनात बॅटरी मारून बघितलं. मला वाटलं, नाही म्हणणार. उठून हात पुसत म्हणाले, "भाभी, ही झोपलीय, मेली नाय." दर शुक्रवारी नमाजानंतर येतो म्हणाले. बाकी दिवस हे एकटे खोलाखोली करणार.

चहा दोनदा घेतला. गूळपोळी बांधून दिली.

१५ नोव्हेंबर, दिवाळी

नितीन पुण्याहून आला. बापाला ग्रीसमध्ये बघून खूश. मग हुशारी सुरू. म्हणतो, बाबा, खोललीच आहे तर स्टिअरिंग उजवीकडं करून घ्या, सगळ्यांच्या गाड्यांसारखं. मिलिटरीच्या लिलावातली जीप, तिचं स्टिअरिंग पहिल्यापासून डावीकडं. हे पान्यानं नट सोडवत होते, मान वर न करता म्हणाले, "मग तुझी आई कुठं बसंल?"

नि.ला समजलं नाही. त्याला कुठून आठवणार. डावीकडं बसलेल्या माणसाला पुढं ट्रक आला की पलीकडचं काहीच दिसत नाही. त्यामुळं ओव्हरटेक करायचा तर मी उजवीकडून वाकून बघायचं आणि सांगायचं, थांबा, थांबा, निघा. लग्न झालं तेव्हापासून मार्केटच्या प्रत्येक फेरीत हीच माझी नोकरी. मी फार वेळ थांबा म्हणायचे. हे म्हणायचे, तुझ्यामुळं आयुष्यभर लोकांची धूळ खाल्ली.

रात्री जेवताना नि. हळूच मला म्हणाला, आई, पण चालवणार कोण? मी त्याला अजून एक करंजी वाढली.

डाव्या पायाला जाणीव नाही, बोटं नाहीत, क्लच त्याच पायानं दाबायचा. डॉ.नी गाडी चालवायला सक्त मनाई केलीय. हे सगळ्या घराला माहीत आहे. कुणी बोलत नाही. मीही नाही.

४ डिसेंबर

ओटा, पडवी, न्हाणी, सगळीकडं जीप. कार्ब्युरेटर माझ्या पोळ्यांच्या डब्यात, रॉकेलमध्ये भिजतोय. विचारलं तर म्हणाले, झाकण घट्ट बसणारं तेच एक हाय. डबा गेला. चटणीलासुद्धा रॉकेलचा वास येतो. सकाळी सहाला उठून कामाला बसतात, साखर तपासली तर कमी आलीय. डबा गेला तर जाऊ दे.

११ डिसेंबर

गिअरबॉक्स खोलला. आतली दोन चक्रं खाऊन गेलीत, दातच नाहीत. यु.भाई मालेगावला भंगार बाजारात दोन दिवस फिरून आले, मिळालं नाही. हे जेवले नाहीत नीट. शेडकडं बघतसुद्धा नाहीत.

मला एकदम भाऊ आठवला. सटाण्याला कांद्याच्या चाळीमागं त्याची असलीच जीप पडलीय.

१६ डिसेंबर

आम्ही दोघं एस.टी.नं सटाण्याला. भाऊनं गाडीचं ऐकलं आणि एक शब्द विचारला नाही. गड्याला हाक मारली आणि चाळीमागं जाऊन स्वतः बोल्ट खोलायला बसला. माझ्या लग्नात हाच जीपमागं पळत वेशीपर्यंत आला होता. मी म्हटलं, अरे, तुझी गाडी मोडून देतोस. म्हणाला, "ली जाय ताई, तुनंच शे." घेऊन जा, तुझंच आहे. किती वर्षांनी माहेरची बोली कानावर पडली. सासरी बोलायची लाज वाटून वाटून माझी गेलीच.

गिअरबॉक्स नाशिकला निघालेल्या कांद्याच्या ट्रकमध्ये टाकला. हे ट्रकमध्ये त्याच्याशेजारीच बसणार म्हणत होते. ओढून एस.टी.त आणलं.

१४ जानेवारी २००२, संक्रांत

चालू झाली! आधी धूर, मग खोकला, मग तोच आवाज. शेजारच्या बायका वाण घेऊन आल्या होत्या, त्या दचकल्या. यु.भाईंनी तिळगूळ आधी इंजिनाला दाखवला, मग तोंडात टाकला.

मग हे ड्रायव्हरच्या सीटवर चढले. क्लच दाबला, पाय घसरला. परत दाबला, परत घसरला. बुटाला कापड गुंडाळून बघितलं. यु.भाईंनी तोंड फिरवलं, काहीतरी हुडकत बसले. हे खाली उतरले, मला म्हणाले, तिळगूळ लय छान झालाय.

२३ जानेवारी

मुंबईचे एक डॉ. आले होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. कुणीतरी सांगितलं म्हणे. माणूस चांगला, चपला काढून शेडमध्ये आला. ह्यांनी त्यांना शब्द दिला. रंग, पासिंग सगळं करून पाडव्याला गाडी घेऊन जा.

ते गेल्यावर मी बोलले. बरंच बोलले. एवढं जीव टाकून केलं ते दुसऱ्याला द्यायला? शांतपणे म्हणाले, "चालवणारा पाहिजे ना सुमन. उभी राह्यली की परत कोंबड्या."

मार्केटमध्ये ह्यांच्या तोंडी शब्दावर फुलांचे सौदे व्हायचे. दिलेला शब्द फिरवलेला मला आठवत नाही. झोप लागली नाही.

२ फेब्रुवारी

पंचवटीतल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. घरी सांगितलं, महिला मंडळाचा भरतकामाचा क्लास आहे. शिकवणारे गायकवाड सर नितीनपेक्षा लहान. मला म्हणतात, काकू, घाबरू नका. घाबरत तेच होते.

गंमत अशी की ह्या गाडीत ड्रायव्हर उजवीकडं, म्हणजे माझ्याच जागेवर. समोरचा रस्ता मला पाठ. येणारा ट्रक किती लांब, आपण किती वेळात पुढं जाऊ, हे मला विचार न करता कळतं. हातपाय मात्र ऐकत नाहीत. पेठ रोडला एका टेम्पोला ओव्हरटेक करायचा होता. रस्ता मोकळा दिसला आणि मी जोरात ओरडले, निघा! आणि निघालेच नाही. सर म्हणाले, काकू, कुणाला सांगताय?

१९ फेब्रुवारी

द्वारकेला चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली. चारी बाजूंनी हॉर्न. एक रिक्षावाला काय बोलला ते इथं लिहीत नाही. घाम पुसून मान वर केली तर गॅरेजच्या दारात यु.भाई. मला बघितलं, गाडीवरची शिकाऊ ड्रायव्हरची लाल पाटी बघितली आणि आत निघून गेले.

झालं. आता ह्यांना कळणार.

२२ फेब्रुवारी

यु.भाई आले.  दिवसभर जीपखाली झोपून क्लचची जोडणी बदलली. ह्यांनी विचारलं, हे कशाला आता. म्हणाले, जुना माल होता, जड होता. जाताना मी पाणी दिलं तेव्हा हळू आवाजात, "भाभी, एकदम नरम केलाय."

तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. ह्या माणसाला मी चहाशिवाय काय दिलंय आजवर.

१२ मार्च

रंग झाला. ह्यांना पहिला मिलिटरी हिरवा पाहिजे होता, तो आपल्याला लावता येत नाही म्हणे. राखाडी लावला. मी म्हटलं, कबुतर दिसतंय. हे दोन दिवस माझ्याशी कमी बोलले.

१७ मार्च

पुसायला म्हणून जीपमध्ये चढले, ड्रायव्हरच्या बाजूनं. सहज बसून बघितलं. पाय क्लचवर टेकला. पूर्ण टेकला.

मागं एकदा मी बसले होते तेव्हा पाय हवेत राहिला होता. ह्यांची उंची सहा फुटांची, माझी काय ती. खाली वाकून बघितलं. सीटचे ब्रॅकेट कापून वीतभर पुढं घेतलेत, नवं वेल्डिंग आहे, वर रंगसुद्धा मारलाय. आता ह्या सीटवर ह्यांचे गुडघे मावणारच नाहीत.

कधीपासून माहीत होतं? कुणी सांगितलं? संध्याकाळी भाकरी वाढताना विचारणार होते. त्यांनीच विचारलं, भरतकाम कुठवर आलं?

मी म्हटलं, परीक्षा पास झाले, लायसन मिळालं. मान हलवली आणि ताकात मीठ घातलं. दोनदा घातलं.

२४ मार्च

यु.भाई स्वतः नेऊन पासिंग करून आले. मग पहिल्यांदा मी, आपल्याच वावरात. गिअरला हात सवयीनं डावीकडं जातो, तिथं दरवाजापण नाही, नुसतं वारं. बांधावरचा एक गुलाब गेला. हे उजवीकडं बसलेले, दोन्ही हातांनी दांडा धरून. म्हणाले, गुलाब लय झालेच होते.

पाडव्याचं कुणी काढत नाही. मुंबईहून फोन आला होता, हे दार लोटून बोलले.

७ एप्रिल

दिंडोरी रोडला गेलो. पुढं उसाची ट्रॉली. तिच्यामागं आले आणि पुढचं सगळं बंद. फळकूट आणि ऊस, बाकी काही नाही. समोरून ट्रक येतोय का रस्ता मोकळा आहे, कळायला मार्ग नाही. मान वाकवली, तरी नाही.

मला इतकी वर्षं वाटायचं, ह्यांना थोडंफार दिसत असणार, माझं सांगणं आपलं वरवरचं. काही दिसत नव्हतं ह्या माणसाला. तेव्हा मला सासरी येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. मीठ किती घालायचं तेसुद्धा मला कुणी विचारत नव्हतं घरात. आणि मी निघा म्हणायचे की हा माणूस गाडी सरळ बाहेर काढायचा. पहाटेच्या अंधारात. नितीन पोटात असताना. एकदाही खरंच का असं विचारलं नाही.

हे त्या ट्रॉलीमागं कळलं. 

"थांब," हे म्हणाले. वाकून बघत होते. मग परत थांब. परत थांब. तोंडात धूळ, उसाचं पाचट उडून पदरावर. किती वेळ! मी म्हटलं, अहो, तुमच्यामुळं धूळ खातेय.  एवढं गंभीर मी त्यांना ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा बघितलं नव्हतं.

मग म्हणाले, "निघ."

मी निघाले. ट्रॉली मागं पडली. रस्ता मोकळा होता.

पुढं चहाच्या टपरीवर थांबलो. जे मनात होतं ते बोलायचं होतं. म्हटलं, तुम्ही माझ्यावर कसा काय विश्वास ठेवायचात हो? बशीत चहा ओतत म्हणाले, "तुझाबी जीव गाडीतच होता की." मग तिकडं रस्त्याकडं बघत, "आन तू कधी चुकली नाय."

एवढंच. मला पुष्कळ झालं.

१२ एप्रिल

उद्या पाडवा. डॉ. दुपारपर्यंत मुंबईहून पोचणार. गाडीचे कागद काढून ठेवू का विचारलं, तर म्हणाले, असू दे कपाटात.

संध्याकाळी मला पंपावर न्यायला लावलं आणि टाकी फुल्ल केली. मी म्हटलं, द्यायच्या गाडीत एवढं पेट्रोल? तर म्हणाले, सकाळी गुढी उभारली की सटाण्याला जाऊन येऊ. भाऊला दाखवली पाहिजे, गिअरबॉक्स त्याचा हाय.

सटाणा. रस्ताभर कांद्याचे ट्रॅक्टर. आणि मी माहेरच्या दारात जीप नेऊन उभी करायची.

पण डॉ. येतील त्यांचं काय, हे तोंडापर्यंत आलं होतं. ह्यांनी शब्द दिलाय. फोन केला की नाही माहीत नाही. ह्यांचा चेहरा बघितला आणि ते विचारायचं राहिलं. दुसरंच विचारलं, फुलांच्या पाण्याचं कसं? ते शेजारी सांगून ठेवलंय म्हणे. गुढी उतरवायचंसुद्धा. म्हणजे मुक्काम.

मग पिशवी भरायला घेतली. आतून विचारलं, साड्या किती घेऊ?

बाहेर जीपची काच पुसत होते. म्हणाले, घे की चारपाच.