आपल्या मुलांची सीट

प्रिय अथर्व,

कालचा तुझा स्टेटस पाहिला. नीटच्या कटऑफचा तक्ता, एससीच्या आकड्याभोवती लाल गोल आणि खाली 'मेरिट खलास'. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

तुझे मार्क दोनशे एकतीस, माझे पाचशे बारा. दुबईत ऊद मेथाच्या क्लासमध्ये दोन वर्षं तुला बायो मीच शिकवलं, वर डबाही माझाच खाल्लास, तेव्हा हे आकडे तुला नवे नाहीत. एनआरआय कोट्यातून तुला खाजगी कॉलेजात सीट मिळाली. मिळू दे. मला मनापासून आनंद झाला होता, केक मीच घेऊन आले होते. पण तुझ्या त्या तक्त्यात तुझा स्वतःचा कोटा कुठे आहे रे? वडिलांनी पैसे भरले की दोनशे एकतीसचं मेरिट होतं का?

त्या केकच्या दिवशी तुझ्या आईनं, काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाल्या, "अवनी, आपल्या मुलांनी मर मर मरायचं आणि सीटा त्या लोकांना." तू मान डोलावलीस. मी पेढा कसाबसा गिळला. त्यांनी मला 'आपल्या'त धरलं होतं, आणि ते ऐकून घरी येईपर्यंत मी रडत होते.

पप्पांनी वीस वर्षं एवढंच जपलंय. शारजात आमच्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. ऑफिसात ते सगळ्यांचे मिथुनभाई आहेत, एकाच टेबलावर जेवतात. आईनं माझा जातीचा दाखला काढला तेव्हा घरात केवढं भांडण झालं. मग नागपूरच्या सरकारी कॉलेजात एससीतून सीट लागली, तर पप्पा म्हणाले, "इथं कुणी विचारत नाही, आपण कशाला सांगायचं? सोड ती सीट." ओपनमधून मला सरकारी कॉलेज मिळत नाही आणि तुझ्यासारखी सीट घ्यायची आमची ऐपत नाही. म्हणजे मी डॉक्टर व्हायचंच नाही, का, तर तुमच्यात बसून पेढे खाता यावेत म्हणून. त्यांचा चेहरा बघून मी सीट सोडायलाही निघाले होते, अथर्व. काल तुझा लाल गोल पाहिला आणि आज सकाळी ती पक्की केली. पप्पा माझ्याशी बोलत नाहीयेत.

शुक्रवारी तुम्ही सगळे आमच्याकडे जेवायला येताय. हा विषय काढायचा नाही असं पप्पांनी मला बजावलंय. पण आधी माहीत असतं तर आलोच नसतो, असं तुमच्या घरात कुणी मागाहून म्हणालेलं मला चालणार नाही. म्हणून मुद्दाम मराठीत लिहिलंय. काकूंना वाचायला दे. आई मटण करणार आहे. किती जण येताय ते गुरुवारपर्यंत कळव.

कालपर्यंत तुझीच,
अवनी