ताईस रीतसर सूचना

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (म्हणजे माझाच, आपल्या घरात दुसरा धाकटा नाही) साष्टांग नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? सकाळी उठताना अजून वाजतो, की आता त्यालाही वाजायचा कंटाळा आला? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की एक दिवसाआड घेऊन पुरवतेस? इकडे सगळे ठीक. तुझी भावजय ठीक. तुझी भाची परीक्षेत पास झाली, त्याचं आश्चर्य आमच्यापेक्षा तिलाच जास्त आहे. मीही ठीक. (ठीक नाही, पण पत्राच्या सुरुवातीला ठीकच लिहायचं असतं.)

एवढी विचारपूस केली याला कारण आहे. सोमवारी आमच्या शिपायानं तुझ्या हातात जो कागद दिला, त्यात यातलं काहीच नव्हतं म्हणून तू तो पुरता वाचलाही नाहीस, असं कळलं. ज्यानं हा लिहिलाय त्याला घरात कुणी वळण लावलेलं दिसत नाही, असं तू त्या बिचाऱ्याला ऐकवलंस म्हणे. ना नमस्कार, ना चौकशी, एकदम 'डोंगर सरकतो आहे, घर रिकामे करा'! ताई, तो कागद मी लिहिलाय. आणि वळण लावायचं खातं आपल्या घरात तुझ्याकडेच होतं. त्या आठ ओळींवर माझी दोन वर्षं गेली आहेत. सहाशे माणसांना वाचायला देऊन, कुठल्या शब्दावर माणूस उठतो आणि कुठल्या शब्दावर नुसता कूस बदलतो, हे तपासून त्या लिहिल्या. तुझ्या गल्लीतली सव्वीस घरं त्या वाचून संध्याकाळच्या आत शाळेत राहायला गेली. सत्ताविसावं घर तुझं. तू त्या कागदाची चार पदरी घडी केलीस आणि शिलाई मशीनच्या लंगड्या पायाखाली सारलीस. (मशीन आता अजिबात डुगडुगत नाही, असंही शिपाई सांगत होता. चला, माझ्या संशोधनाचा कुणाला तरी आधार झाला.) आणि जाता जाता तू त्याला खरं कारण सांगितलंस, की दाजी शेवटच्या फोनवर 'तिला म्हणावं, घर सांभाळ' असं सांगून गेलेत, तेव्हा तू हलणार नाहीस. ते वाक्य तुला मीच येऊन सांगितलं होतं. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

म्हणून हे रीतसर पत्र. तुला आमचं काम म्हणजे नक्की काय, हे कधी नीट समजावून सांगितलं नाही. तू लोकांना 'तो भोंग्याच्या ऑफिसात आहे' असं सांगतेस, ते अगदीच चूक नाही. दरड, पूर, वादळ येण्याआधी लोकांना कसं कळवावं, म्हणजे ते खरंच हलतील, यावर आमचं केंद्र संशोधन करतं. डोंगराला कळतं कधी पडायचं, यंत्रांना थोडं थोडं कळायला लागलंय, अडतं ते माणसांपाशी. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक सराव घेतला. बारा घरांची फोनची साखळी केली. पहिल्यानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला कळवायचं, की दरड येते आहे, बाहेर पडा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. बाराव्या घरी निरोप पोचायला तीन तास चाळीस मिनिटं लागली! फोन लावला की आधी तब्येत, मग सासूची तब्येत, मग पाणी येतंय का, मग मुलीचं कुठं जमलं का, आणि फोन ठेवता ठेवता, 'हां, एक सांगायचं राहिलंच, डोंगर पडतोय म्हणे.' विचारपुशीचा सरासरी वेळ निघाला अठरा मिनिटं चाळीस सेकंद. साखळीतले एक निवृत्त हेडक्लार्क एकतीस मिनिटं बोलले आणि दरड सांगायची विसरूनच फोन ठेवला. मग आठवण झाली म्हणून पुन्हा फोन केला, आणि एकदम मुद्द्यावर येणं बरं दिसत नाही म्हणून पुन्हा तब्येतीपासून सुरुवात केली.

आमचे मोठे साहेब त्या दिवशी इतके चिडले, की त्यांनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं, 'आधी धोका, मग बाकी'. हा नियम माझा. मीच तो शोधून काढला आणि मीच तो घरोघरी शिकवत फिरलो. स्वतःला सवय लागावी म्हणून घरीही तसंच बोलायला लागलो. ऑफिसातून फोन केला की, 'गिझर चालू राहिलाय, बंद कर', आणि ठेवला. दूध उतू जातंय. दार उघडं आहे. तुझ्या भावजयीनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याच नियमानं उत्तर दिलं. मी दारात पाऊल टाकताच म्हणाली, 'माझी सहनशक्ती संपत आली आहे, लांब उभे राहा.' आणि मग 'चहा घेणार का?' एरवी मी हसलो असतो, पण तेव्हा मला माझा नियम लागू पडल्याचाच आनंद झाला. असा मी झालो होतो.

आणि मग गेल्या वर्षीचा तो दिवस. आता त्याला वर्ष होईल. दुपारी सव्वातीनला आमच्या यंत्रावर दाजींच्या शिलाईच्या दुकानावरचा उतार हलायला लागलेला दिसला, आणि मी पहिला फोन दाजींना लावला. तू तेव्हा बाजारात होतीस. मी नमस्कार केला नाही. दाजी म्हणून हाक मारली, दरड येतेय, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा, शाळेच्या मैदानावर जा, इतकं बोललो आणि ठेवला. चौदा सेकंद. आमच्या केंद्राच्या आजवरच्या नोंदींतला सगळ्यात छोटा फोन. दाजी लगेच बाहेर पडले. मैदानावर गेले. तिथं चार-पाच मिनिटं उभे होते, हे कितीतरी लोकांनी पाहिलंय. आणि मग त्यांना आठवलं, की दुकानात अकरा कपडे तयार आहेत.

ताई, तूच सांग, या माणसानं उभ्या जन्मात कधी कपडा वेळेवर दिला होता का? माझ्या लग्नाचा कोट माझी मुलगी चालायला लागल्यावर हातात पडला. गिऱ्हाईक दारात दिसलं की 'फक्त काजं राहिलीत' असं म्हणायचे, आणि कापड अजून कापलेलंही नसायचं. आणि त्याच माणसाला नेमकी त्या दिवशी लोकांच्या कपड्यांची काळजी पडावी? परत फिरले. अकराच्या अकरा कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधलेले त्यांच्या हातात सापडले. बाहेर चिखल आणि आत एकाही कपड्याला डाग नाही. तू ते पुन्हा धुतलेस, इस्त्री केलेस, आणि कपाटात लावून ठेवलेस. गिऱ्हाइकांना मागायला यायची लाज वाटते आणि तुला पोचवायला जायचा धीर होत नाही. म्हणून ते अजून तिथंच आहेत.

आमच्या केंद्रात प्रत्येक इशाऱ्याचा तक्ता भरतात. निरोप किती वेळात दिला? चौदा सेकंद. समजला का? होय. माणूस बाहेर पडला का? होय, दोन मिनिटांत. तिथं तक्ता संपतो. परत गेला का, याचा रकानाच नाही. त्यामुळे अहवालाच्या बावीस नंबरच्या पानावर तो फोन आदर्श संदेश म्हणून छापलाय आणि पुढे 'यशस्वी' लिहिलंय. नाव अर्थातच नाही. परवा एका बैठकीत साहेबांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी पाणी प्यायला म्हणून बाहेर जाऊन जिन्यात बसलो. मी नुसतं 'काय चाललंय दाजी?' एवढं विचारलं असतं, तरी ते म्हणाले असते, कपडे तयार झालेत, पोचवायला निघतोय. आणि मी म्हटलं असतं, मरू देत ते कपडे. फार तर वीस सेकंद लागले असते. मीच शिकवत होतो, की विचारपूस म्हणजे वेळेचा अपव्यय. मला त्यांची फार आठवण येते, ताई. तू समोर असतेस म्हणून मी कधी तसं बोलत नाही.

काल मंगळवारी मी तुझ्याकडे आलो होतो तो सहज नव्हे, तुला न्यायलाच आलो होतो. वाटेत चार वेळा वाक्य घोकलं. दारात आलो तर तू नळ गळतोय म्हणालीस. सगळी गल्ली रिकामी, कुठं हूं की चूं नाही, आणि तुझा एकटीचा नळ टपटपतोय. मी वॉशर बदलला. मग तू जेवायला वाढलंस, मी जेवलो. तू विचारलंस, शेवटच्या फोनवर अजून काय काय बोलले ते पुन्हा सांग ना. मी पुन्हा सांगितलं. मग पिशवीभर लिंबं घेऊन मी घरी आलो. दरड अभ्यासकाला साजेसा एकही शब्द न बोलता! तुझ्या भावजयीनं ती पिशवी पाहिली आणि कपाळावर हात मारला.

बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जप. मोठ्यांना नमस्कार लिहायचा तर आता मोठी तूच एक उरली आहेस, तेव्हा तुलाच पुन्हा नमस्कार.

तुझा,
भोंग्याच्या ऑफिसातला धाकटा

ता. क. नळ पुन्हा गळायला लागला असेल तर दुरुस्तीला माणूस बोलावू नकोस. वॉशर चुकीच्या मापाचा होता, मला तेव्हाच कळलं होतं.

ता. क. २. तुझ्या घरामागच्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून आम्ही तार ताणलेली आहे. ती महिन्याला एखाददुसरा मिलिमीटर ताणली जायची. रविवारपासून दिवसाला चार मिलिमीटर ताणली जाते आहे. आज पाऊस थांबलाय म्हणून मला हे लिहायला उसंत मिळाली, उद्या पुन्हा मोठा पाऊस सांगितलाय. हे आठ ओळींच्या कागदातही होतं, पण तो मशीनच्या पायाखाली आहे.

ता. क. ३. आता ते वाक्य. दाजी 'घर सांभाळ' म्हणाले नव्हते. ते फक्त 'बरं' म्हणाले. मी फोन ठेवला. त्या आठवड्यात तू मला विचारलंस, शेवटचं तू बोललास ना, माझ्यासाठी काही म्हणाले का? तुझ्या तोंडाकडे बघून मला 'बरं' एवढंच सांगवेना. म्हणून मी ते वाक्य रचलं, तुला बरं वाटावं म्हणून. तू त्यावर वर्ष काढलंस, आल्यागेल्याला सांगितलंस, आणि आता त्याच वाक्यापायी त्या घरात बसून आहेस. खोटं बोललो ताई. काय शिक्षा द्यायची ती दे. पण तिथं थांबायला तुला कुणीही सांगितलेलं नाही. त्यांनी तर नाहीच.

ता. क. ४. हे पत्र टपालानं आलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मीच तुझ्या हातात दिलं आणि पायरीवर येऊन बसलोय, कारण तोंडानं सांगायला गेलो असतो तर आज दुसरा नळ दुरुस्त केला असता. चहा टाकू नकोस. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी आहे, ड्रायव्हरनं तुझ्या मशीनची मापं कालच घेतलीत, ते मागे बसतं. अकराही गिऱ्हाइकांना काल-आज फोन करून आमच्या घरचा पत्ता दिलाय. येऊन घेऊन जातो म्हणाले. (एक जण म्हणाला, वर्षभरात वजन वाढलंय, पँट जरा सैल करून मिळेल का? त्याला सांगितलं, ताईला विचारून कळवतो.) रागवायचं असेल तर जीपमध्ये रागव, अडीच तासांचा रस्ता आहे, पुरेल. आणि दाजींना जे विचारायचं राहिलं, ते तुला विचारतो. कपडे घेतलेस, मशीन घेतलं, की मैदानापर्यंत गेल्यावर 'अगंबाई, ते राहिलंच' असं म्हणून मागे वळावंसं वाटेल असं घरात आणखी काय आहे? ते आत्ता सांग. मी जाऊन आणतो. तू घाई करू नकोस, नीट आठव. मी इथंच बसलोय.