पूल सोडून सगळं

१२ मार्च १९४४, रविवार

इंग्रज-अमेरिकन विमानं पुलावर बॉम्ब टाकायला आली आणि बाजीलच्या खानावळीमागचा संडास उडवून गेली! पूल जिथल्या तिथं. चार वाजता जर्मनांची मालगाडी त्यावरून गेली — वेळेवर! ते फ्रान्समध्ये आल्यापासून वेळेवर गेलेली पहिलीच.

बाजील ढिगाऱ्यापाशी उभा राहून म्हणाला, “आपलीच माणसं आहेत रे. एवढ्या लांबून येतात, बिचाऱ्यांना घाईची लागली असेल.” अख्खी गल्ली हसली. मीही.

मग फिरून फुटलेल्या काचा मोजल्या. एकशे सोळा तावदानं.

१३ मार्च

गावात काचवाला मी एकटा. सकाळी सहापासून दारात माणसं. बघतात अशी, जणू विमानांना मीच रुमाल हलवून बोलावलं! त्यात लेओनी — माझी बायको — सगळ्यांदेखत म्हणते, “दोन वर्षं धंदा नाही म्हणून रडत होता. ऐकलं शेवटी देवानं!”

बावीस वर्षं संसार झाला. कुठं काय बोलावं हे हिला अजून कळत नाही.

३१ मार्च, शुक्रवार

पुन्हा आले. पूल उभा. धोबीघाटाचं छप्पर गेलं आणि नदीकाठी चरणाऱ्या तीन गायी. कोणी माणूस गेलं नाही. संध्याकाळी घराघरातून मांस शिजल्याचा वास — शुक्रवारी, तेही ईस्टरच्या आधीच्या उपासांत! फादर आमच्या दारावरून गेले, थांबले, नाकानं लांब श्वास घेतला. म्हणाले, “मला सर्दी झाली आहे. काही वास येत नाही.” लेओनीनं एक वाडगा त्यांच्या हातात दिला.

८ एप्रिल

काच संपली. कारखान्यातली सगळी जर्मनीला जाते. काच पक्की करायच्या लांबीसाठी जवसाचं तेलही संपत आलंय. शेवटी जाहीर केलं — ज्याला खिडकी हवी त्यानं घरातल्या तसबिरीची काच आणावी.

गावातले सगळे आजोबा एका दिवसात उघडे पडले! बाजीलनं लग्नाचा फोटो आणला. “बायको पळाली, काच तरी राहू दे घरात.”

आमच्या पलंगाच्या वर, भिंतीवर, सासूबाईंची तसबीर आहे. केवढी मोठी! बेल्जियमची काच, एक बुडबुडा नाही. मी नुसता बघत होतो.

“नजर काढ तिच्यावरून,” लेओनी म्हणाली.

सासूबाई होत्या तोवर त्यांच्याकडे इतक्या प्रेमानं मी कधी बघितलं नव्हतं.

१९ एप्रिल

विमानांनी आज कागद टाकले. ‘पुलापासून दूर राहा. — तुमचे मित्र.’ सगळे पडले पलीकडच्या गावात, जिथं पूलच नाही. तिथली चार कुटुंबं घाबरून इकडे राहायला आली!

मी सायकलवरून जाऊन गठ्ठाभर गोळा केले. कागद चांगला जाड आहे. बटाट्याच्या खळीनं खिडक्यांना चिकटवले.

२१ एप्रिल

जर्मन कॅप्टन गल्लीतून चालत गेला. दोन्ही बाजूंना खिडकी खिडकीत ‘तुमचे मित्र’. मला बोलावलं.

“हे काय आहे?”

“पुठ्ठा संपला, साहेब.”

त्यानं एक कागद नखानं खरवडून बघितला. मग म्हणाला, “माझ्या कचेरीला काच बसव. ही असली नको.” वाटलं, हसू दाबत होता. की मलाच तसं वाटलं?

२ मे

पूल उभा आहे. चांभारांची गल्ली नाही. एकोणीस माणसं.

३ मे

त्या गल्लीतून खिडकीसाठी कोणी आलं नाही. खिडकी बसवायला भिंत लागते.

दोन घरची माणसं तसबिरीची काच परत मागायला आली. शवपेटीपाशी फोटो ठेवायचाय, तो असा उघडा कसा ठेवायचा — म्हणाली. मी खिडक्यांतून काढून दिल्या. त्यातली एक म्हातारी माफी मागत होती. माझी! मला त्रास दिला म्हणून!

९ मे

बाजीलनं पुलाखाली खुर्च्या मांडल्या. “अख्ख्या फ्रान्समध्ये याहून सुरक्षित जागा दाखवा!” भोंगा झाला की निम्मं गाव तिथं, पत्ते घेऊन. पहाऱ्यावरच्या जर्मन शिपायानं आधी आरडाओरडा करून हाकललं. विमानांचा आवाज आला तेव्हा तोही येऊन बसला. तीन डाव हरला. बाजील म्हणाला, “ह्याला जाऊ देऊ नका, इतका वाईट खेळणारा पुन्हा मिळायचा नाही.”

आज बॉम्ब शेतात पडले. नांगरायचं काम वाचलं.

१७ मे

बाजील दुकानात आला. दार लावून घेतलं. मग म्हणाला, “ओक्ताव्ह, ती विमानं दिसली की माझा हात आपोआप वर जातो. ‘या, या’ म्हणतो. मग खाली बघून कोण गेलं ते विचारत फिरतो. मला वेड लागलंय का रे?”

मी म्हटलं, “लागलं असेल तर सगळ्या गावाला लागलंय.”

माझाही हात जातो, हे सांगायचं राहिलंच.

२० मे, शनिवार

शाळेच्या बाई आल्या होत्या. लहान पोरांच्या वर्गाची मोठी खिडकी कागदाची. आत अंधार, बाहेरून वारा. पोरं खोकतात. बाईंना म्हटलं, एवढी मोठी काच गावात कुठंच नाही.

आत आलो तर लेओनी पलंगावर चढलेली! तसबीर खाली उतरवली होती.

“तुझी आई —” मी म्हटलं.

“आई पोरांना घाबरवायचीच जन्मभर. आता जरा त्यांचा वारा अडवू दे.”

मी तिचा मुका घेतला. भर दुपारी! म्हणाली, “शी! गालाला लांबी लागली.”

पुसली मात्र नाही.

२२ मे

काच कापली. एका दमात, कुठंही तडा नाही. बावन्नाव्या वर्षी हात असा स्थिर! स्वतःवरच खूश आहे. उद्या सकाळी बसवतो.

२५ मे

हे मी लिहिते आहे, लेओनी. वही त्याच्या हत्यारांच्या पेटीत, खिळ्यांखाली होती.

मंगळवारी विमानं आली तेव्हा भोंगा वाजलाच नाही. पोरं शाळेच्या मागच्या अंगणात खेळायला गेली होती, म्हणून वाचली. तो पुढच्या बाजूला, शिडीवर होता.

आज बाजील आला. मी म्हटलं, हे टेबल धर नीट, हलू देऊ नकोस. त्याच्या फोटोला आईच्या काचेचा उरलेला तुकडा मीच कापणार आहे.