गल्लीची हाक

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

अजून अंगावर शहारा आहे. ती हाक!

दुपारी बेल वाजली. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टर घरी तपासायला येणार, हे ठाऊक होतं. पण अर्धांगवायूनंतर हा उजवा पाय माझं ऐकतो कुठं? भिंत धरत धरत दारापर्यंत पोचलो, तोवर गाडी वळणाआड गेलेली. चालता येत नाही हेच दाखवायचं होतं, आणि चालता येत नाही म्हणूनच चुकलं! दाखला नाही तर चाकाची खुर्ची नाही. रंकाळा तलाव आता पुन्हा दिसत नाही, असंच वाटलं.

समोरच्या गच्चीवरून शांताबाईंनी विचारलं, "कोण आलतं, मास्तर?"

"तपासणीचे डॉक्टर. गेले."

बस्स. बाईंनी हाक दिली, "पांढरी गाडी अडवा रं!" शेजारच्या गच्चीनं ती झेलली, मग सायकलवाल्यानं, मग चौकातल्या चहावाल्यानं. कवितेतली रणशिंगं वर्गात शिकवताना वाटायचं, कवी जरा वाढवूनच सांगतात. नाही हो. असा आवाज असतो. आज कानांनी ऐकला.

गाडी परत आली. डॉक्टरीणबाई हसतच आत शिरल्या. "काका, तुमची गल्ली सोडेना आम्हाला!" हात तपासला, पाय तपासला. मग विचारलं, "घरी एकटेच असता?"

हो म्हणायला तोंड उघडलं, आणि नजर दारात जमलेल्या गल्लीकडे गेली.

दारातून शांताबाई गरजल्या, "एकटं कसलं? आमी हाय की! पण खुर्ची तेवढी द्या बाई, मास्तरास्नी उचलून न्यायला आमाला न्हाय जमायचं."