बिनदाराचा स्टँड

आप्पा, आज रावेतला एका फ्लॅटच्या हॉलमध्ये गुडघे टेकून बसले आणि मी बसवलेलं पॅनल मीच कटरनं कापलं. अ‍ॅल्युमिनियमची काळी चकचकीत एसीपी शीट होती, एक ओरखडा नसलेली. कापताना तुमची आठवण आली असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. आधी आला तो राग, आणि तो तुमच्यावरच. चौदा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी माझं काम बिघडलं की मनातल्या मनात पहिलं बोलणं तुम्हालाच बसतं. जिवंत होता तेव्हा कधी उलट बोलले नाही, त्याची भरपाई अजून चालू आहे म्हणायची.

चाकणच्या ज्या कंपनीला आपण मशीनभोवती बसवायचे जाळीचे गार्ड देतो, तिथला एक सुपरवायझर आहे. मूळचा कुरुळीचा, शेतकऱ्याच्या घरचा, आता रावेतला नवव्या मजल्यावर राहतो. त्याला घरात चार फुटी माशांची टाकी ठेवायची होती. लाकडी स्टँड पाण्यानं फुगतो, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलचा, आपल्या खाचवाल्या दांड्यांचा, करून हवा होता. "ताई, तुमचे गार्ड आमच्या लाइनवर आठ वर्षं हलले नाहीत. तसलंच मजबूत करा. फक्त समोर हँडल-बिंडल नको, एकदम प्लेन पायजे." इतकी वर्षं कंपन्यांच्या ड्रॉइंगवरून पिंजरे करत आले, कुणाच्या घरात शोभेनं उभं राहील असं हे पहिलंच काम. मी हरखून गेले. काळं प्रोफाइल आणलं, प्रत्येक तुकड्याची धार कानशीनं मारली, चारही कोपरे दोनदा काटकोनात तपासले. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर त्याचं उत्तर आलं, "एक नंबर."

आणि खाचेतले नट विसरले नाही. ते कसे विसरेन? तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. मी वीस वर्षांची आहे, डिप्लोमाची सुट्टी आहे, चिखलीच्या आपल्या वर्कशॉपच्या शेडचा पत्रा तापलाय आणि मी आयुष्यातली पहिली फ्रेम जोडून तुमच्याकडे कौतुकासाठी बघतेय. तुम्ही तीन बोटांचा डावा हात प्रोफाइलच्या खाचेवरून फिरवता आणि विचारता, "नट सरकवले का आधी?" नव्हते सरकवले. टोकं बंद झाली की ते नट आत जात नाहीत, हे मला कुठं माहीत. "उघड," एवढंच म्हणता. त्या दिवशी ती फ्रेम मी चार वेळा उघडली, चार वेळा जोडली, आणि तुम्ही शेजारी स्टुलावर बसून चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात बोल्ट आवळायच्या अ‍ॅलन कीचा नवा सेट ठेवलात. मला वाटलं होतं ड्रेसचं कापड आणाल.

तुमची दोन बोटं प्रेसनं नेली तेव्हा मी दुसरीत होते. त्या मशीनला गार्ड नव्हता. तिथपासून तुम्हाला जगातली प्रत्येक वस्तू गार्डवाचून उघडी दिसायला लागली. माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून तुम्ही जी जाळी बसवलीत, ती बघून कॉलेजच्या मुली विचारायच्या, "पोपट कुठाय?" स्वयंपाकघरात मिक्सरला सुद्धा तुम्ही झाकणावरून पट्टी बसवली. आई वैतागून म्हणाली होती, "मलाबी एक पॅनल ठोका समोरनं, म्हंजे कुनी चहा मागायला यायचं न्हाई." तुम्ही हसला नव्हता. "गार्डला दार न्हाई ठिवायचं," असं तुम्ही मला शिकवलंत. "दार दिसलं की मानूस उघडतंय. उघडलं की हात घालतंय." पॅनल चारही बाजूंनी खाचेत बसवायचं, वरचा दांडा शेवटी आवळायचा. मग ते काढायचं तर वरचा दांडा सोडवायलाच लागतो. मला हे इतकं पटलं, इतकं अंगात भिनलं, की रावेतला मी तेच केलं. माशांच्या दुकानवाल्यानं खालची फिल्टरची टाकी आणि मोटार आत ठेवली, पाइप मागच्या भोकांतून वर घेतले, आणि मी समोरचं पॅनल खाचेत सरकवून वरचा दांडा आवळला. मग चौघांनी मोठी टाकी वर चढवली. पाणी भरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढाही मिळाला.

आज सकाळी त्याचा फोन आला. "ताई, खालची मोटार बंद पडली. हे उघडायचं कुठनं?"

मी स्कूटीची किल्ली शोधायला लागले.

"ताई? दार कुठल्या बाजूला दिलंय?"

आप्पा, चिखलीपासून रावेतपर्यंत स्कूटीवर मी तो स्टँड मनातल्या मनात उघडून बघत होते. दार नव्हतंच. पॅनल वरच्या दांड्याखाली, दांड्यावर टाकी, टाकीत तीनशे लिटर पाणी. दांडा सोडवायचा तर टाकी उतरवायला हवी, आणि टाकी उतरवायची तर सगळं पाणी उपसायला हवं. एवढ्या वर्षांत मी कोंडून टाकलेल्या मशीन कधी मोजल्या नाहीत, पण जित्राबाला असं कोंडलं ते पहिल्यांदाच.

घरात गेले तर सुपरवायझरची आई खुर्चीवर उभी राहून टाकीतलं पाणी तांब्यानं उचलत होती आणि उंचावरून परत सोडत होती, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. "दोन तास झालं असंच करतीये ती," तो म्हणाला, आणि लाजल्यासारखा हसला. त्याला मला रागवायचं होतं आणि ताई म्हणतो म्हणून रागवता येत नव्हतं. म्हातारीला तसली अडचण नव्हती. "बाई, आमच्या कुरुळीत गोठ्यालाबी दार असतंय. तू ह्ये काय करून ठिवलंस?"

मी गुडघे टेकून बसले. स्टीलची पट्टी धरली आणि पॅनलच्या मधोमध उभी रेघ मारली, मग तिच्यावरूनच पुन्हा, पुन्हा. कटरची तीन पाती मोडली. शीट आरपार कापली गेली तेव्हा दोन्ही अर्धी मधे वाकवून खाचेतून बाहेर ओढली. आत हात घातला. मोटारीच्या तोंडाशी एक खडा अडकला होता, शेंगदाण्याएवढा. तो काढला आणि मोटार सुरू झाली. दोन मिनिटांचं काम होतं ते, आप्पा. म्हातारी तांब्या घेऊन खाली उतरली, पदरानं हात पुसत माझ्याशेजारी बसली. आता तिचा आवाज नरम होता.

"कुनी सांगितलं व्हतं गं तुला, बिनदाराचं कर म्हनून?"

"आमच्या आप्पांनी शिकवलंय," मी म्हणाले. पटकन आलं ते, विचार न करता.

"त्यांनी मशीनीचं शिकवलं आसंल," ती म्हणाली. "त्यांच्या नावावर न्हाई खपवू."

एवढंच बोलली, आणि चहा टाकायला उठून गेली. मी पॅनलच्या दोन तुकड्यांकडे बघत बसले. तिला कसं कळलं? मला आठवलं, तुम्ही कुठलाही गार्ड करायच्या आधी त्या मशीनपाशी तास-तास उभे राहायचात. ऑपरेटरला विचारायचात, "भाऊ, आत हात कशापायी लागतो तुला?" तेल घालायला, कचरा काढायला, जिथं खरंच हात लागायचा तिथं तुम्ही दार द्यायचात, आणि दार उघडलं की मशीन बंद पडेल असा स्विच बसवायचात. हे मी बघितलं होतं. शंभर वेळा बघितलं. पण लक्षात ठेवलं ते अर्धंच, आणि ते मला सोयीचं होतं.

कारण दुसरीकडेही मी हेच केलंय. माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं लाइन संभाजीनगरला हलवली, त्याला सहा वर्षं झाली. तो तिकडे एकटा राहतो, स्वतः पोळ्या लाटायला शिकला. दर दिवाळीला विचारायचा, "कधी येतेस?" मी म्हणायचे, "शेड कशी सोडू? आप्पांना शब्द दिलाय." ह्यावर तो विषय बदलायचा, कारण गेलेल्या माणसाच्या शब्दापुढे कोण काय बोलणार. ह्या दिवाळीला त्यानं विचारलंच नाही. आता शेजारचा पावडर कोटिंगवाला, पत्र्यांना भट्टीत रंग चढवतो तो, आपली शेड मागतोय, मशीनसकट, आणि कामगारांनाही ठेवून घेतो म्हणतो. उद्या उत्तर द्यायचंय. दिली तर मी जाऊ शकते. नाही दिली तर नवरा पुन्हा विचारेल असं मला वाटत नाही. मला ह्या पत्र्याखाली श्वास कोंडल्यासारखं होतं, आप्पा. सकाळी शटर वर करताना होतं, दुपारी जेवताना होतं. इथे सगळे मला ताई म्हणतात, आणि मला वाटतं इथून बाहेर पडले तर मला कुणी काहीच म्हणणार नाही.

आता ते सांगते, जे तुम्हाला सांगायची गरज नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी आई चहा आणायला खाली गेली होती, आणि तुम्ही माझं मनगट धरलं होतं. "शेड देऊन टाक," म्हणाला होता. "तू अडकून पडशील हितं." मला केवढं लागलं ते! मला वाटलं, तुम्हाला म्हणायचंय, पोरीला नाही जमायचं. बाहेर आले तर काका उभे होते, शेड कोण बघणार ह्याचं बोलणं त्यांचं आधीच सुरू झालं होतं. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हणाले, "शेड बंद करू नको म्हणाले. शब्द घेतला माझ्याकडून." सुरुवातीला मी ते रागानं बोलले. पुढे धंदा चालला, माझी भीती वाढली, आणि तेच वाक्य कामाला येत राहिलं. तुम्ही शब्द घेतलाच नव्हता. तुम्ही दार उघडं ठेवून गेला होता, ते मी आतून आवळलं आणि नाव तुमचं लावलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, शेडवरच्या मापांच्या वहीत मागून लिहितेय. नवऱ्याला हे सांगितलेलं नाही, आईला तर नाहीच. रावेतच्या स्टँडला नवं पॅनल उद्या दुपारी नेऊन बसवेन, लोहचुंबकाच्या कॅचवर टेकणारं, नुसतं ओढलं की हातात येईल असं. पण पावडर कोटिंगवाला त्याच्या आधी, सकाळीच येणार आहे. त्याला काय सांगायचं ते आत्ता मी तीन वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं, आणि तिन्ही वेळा तोंडातून तेच आलं, आप्पांना शब्द दिलाय म्हणून.