लोड शून्य

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी कामं नोंदवून ठेवावीत.
गच्चीवर दोघांची सोलर पॅनेलं, जिन्याखाली दोन इन्व्हर्टर. खालच्या मजल्याचा माझा, वरच्या मजल्याचा धाकट्या भावाचा. रोज दुपारी दोन ते सहा लाईन जाते, तेव्हा ज्याचा त्याचा चालतो. हे बरं नाही. एका घरात दोन चुली कशाला? दोन्ही जोडून एकच सिस्टिम करणार. मुख्य मशीन माझं. थोरला मी आहे.
धाकटा म्हणाला, दादा, आधी वायरमनला विचारू या. तीस वर्षं ऑफिसचं स्टोअर सांभाळलं मी. आता वायरमन मला शिकवणार!

५ मार्च
वायरमन येऊन गेला. धाकट्याने परस्पर बोलावला होता. म्हणे, दोन वेगळ्या कंपन्यांची मशीनं एका लाईनवर चालत नाहीत, एकमेकांना मारतात. मजले वेगळे आहेत तेच ठीक. काम टाळायला लोक काय काय शोधून काढतात.
हिचंही तेच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणाली. बायकोने इलेक्ट्रिकमध्ये बोलू नये, असं मी फक्त मनात म्हटलं.

८ मार्च
जोडणी सुरू. धाकटा हाताखाली. कामाला बरा, पण सवयी वाईट. वायरला चिकटपट्टी गुंडाळली की शेवटचं टोक दुमडून ठेवतो. का, तर पुढच्या माणसाला सोडवायला सोपं जावं. दर जोडामागे अर्धा इंच पट्टी वाया. त्याला सांगितलं, माझी जोडणी कुणाला सोडवावी लागणार नाही.

९ मार्च, दुपारी २.०५
लाईन गेली. बटण दाबलं. मोठा आवाज झाला.

२.२०
जळका वास. दोन्ही मशीनं बंद. माझं आधी बंद झालं, म्हणजे ते समजूतदार आहे. दोष धाकट्याच्या मशीनचा.
वर धाकटी, म्हणजे माझी भावजय, गणवेश शिवून देते. तिच्या शिलाई मशीनची मोटर गेली. तोंडावर बोलली असती तर समजावलं असतं.

१२ मार्च
सलग चौथ्या दिवशी आवाज. सेटिंग बदललं. परत आवाज. ही आता दोन वाजले की कानावर हात ठेवून बसते. मुद्दाम.

१४ मार्च
यश!!
दुपारी धाकटा आणि वायरमन जिन्याखाली खुडबुडत होते. मी पडल्या पडल्या देखरेख करत होतो. चार वाजता जाग आली तर दोन्ही मजल्यांचे पंखे चालू, फ्रिज चालू. मी परवा सेटिंग बदललं, त्याचा परिणाम दोन दिवस उशिरा दिसला. मशीनचं असं होतं.
धाकटा म्हणाला, हो दादा, तुझ्याच सेटिंगने झालं. वायरमनने खाली बघितलं. शरम वाटली असेल. मला भरून आलं. आता हे घर एक राहील.

१९ मार्च
निरीक्षण. माझ्या मशीनवर लोड शून्य दाखवतंय. म्हणजे अख्खं घर ओढूनही त्याच्यावर ताण नाही. माझी बॅटरी सदैव शंभर टक्के. धाकट्याची चार वाजताच वीसवर येते. दर्जा दर्जा म्हणतात तो हा.

२७ मार्च
नवी मोटर बसवून धाकटीने शिवण परत सुरू केलं. ते चाललं की सगळ्या घराचे पंखे बंद पडतात. तिचं मशीन जास्त खातं, उघड आहे. नियम केला: दोन ते सहा शिवण बंद. घरासाठी थोडी झळ सगळ्यांनीच सोसावी. मी त्या वेळात झोपतो.

४ एप्रिल
धाकटी म्हणते, सकाळी घरकाम, दुपारी शिवण, तिचा दिवस असाच बसतो. शाळेचे गणवेश वेळेत गेले नाहीत, काम दुसरीकडे गेलं. वाईट वाटलं. पण नियम म्हणजे नियम.
धाकटा आला. दादा, मजल्यांची लाईन परत वेगळी करू या, एवढंच. मी म्हटलं, घर फोडायची भाषा माझ्यासमोर करू नकोस. तो काहीतरी सांगणार होता. मी पेपर उघडला.

११ एप्रिल
त्यांनी दोन खोल्या बघितल्या आहेत. मला शेवटी कळलं. लहानपणी त्याला सायकल मी शिकवली होती. हे इथे लिहिण्याचं कारण नाही.

१६ एप्रिल, सकाळी १०
गेले. पॅनेलं आणि इन्व्हर्टर घेऊन गेले. मीच म्हटलं, ने, मुख्य मशीन आहेच. जाताना धाकट्याने वाकून नमस्कार केला, म्हणाला, दादा, आजच वायरमनला बोलावून जोडणी बघून घे. म्हटलं, त्यात बघण्यासारखं काही नाही.

दुपारी २.००
लाईन गेली. पंखा थांबला. इन्व्हर्टरचा दिवा चालू, बॅटरी शंभर टक्के, पंखा बंद.
जाताना वायर तोडून गेला! सख्खा भाऊ! वायरमनला बोलावलंय. साक्षीदार हवा.

३.१०
वायरमनने झाकण उघडलं. माझ्या मशीनची घराकडे जाणारी वायर सुटलेली. टोकाला काळी पट्टी, पट्टीवर महिन्याची धूळ. म्हणाला, ही चौदा मार्चलाच काढली, साहेब. त्या दिवसापासून दोन्ही मजले तुमच्या भावाच्या एकट्या मशीनवर होते. दादाला सांगू नका म्हणाले, मशीन दिसायला चालू राहू दे.
हिला विचारलं. हिलाही माहीत होतं. धाकटीलाही. शिवण बंद ठेवलं तेव्हाही.
खूप राग आला. कुणाचा ते ठरवता येईना.
पट्टीचं टोक दुमडलेलं होतं. मीच ओढली. एका झटक्यात सुटली.

३.३०
वायरमनने पाच मिनिटांत वायर जोडली. पंखा सुरू झाला. मशीनवर लोड साठ वॅट.
ही म्हणाली, दोन्ही मजले ओढतंय का ते बघायला वरचे पंखे लावून येऊ का?
नको म्हटलं.