माझ्या मणक्याचं झाड

४ फेब्रुवारी, सकाळी ७
कंबरेतली चकती सरकलीय. डाव्या पायात कळ जाते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. पायातला जोर गेला तर मग नस कुणासाठी थांबत नाही. मी घाबरलो वगैरे मुळीच नाही. पण चाळीस वर्षं वर्कशॉप चालवलं, माप घेतल्याशिवाय पत्रासुद्धा कापू दिला नाही. कंबर कशी कापू देईन? मुलगी दवाखान्यांसाठी असलेच हिशेब करते : कुठला इलाज किती खर्चात किती बरी वर्षं देतो. फोनवर तिच्याकडून पद्धत शिकून घेतली. कागदावर झाड काढायचं. एकेक इलाज म्हणजे एकेक फांदी. फांदीवर यशाची शक्यता, खर्च, आणि जगण्याला गुण. ठणठणीत म्हणजे एक, मेलेला म्हणजे शून्य. सोपं आहे. रविवारपर्यंत निकाल लावतो.

५ फेब्रुवारी
तीन फांद्या : ऑपरेशन, व्यायाम, थांबून बघणे. व्यायामाची छाटली. तो करावा लागतो.

७ फेब्रुवारी
ऑपरेशन जिंकलं. कुठेतरी चूक आहे. डॉक्टरांच्या मते शंभरात पंच्याऐंशी बरे होतात. दुकानदार आपल्या मालाला नावं ठेवेल होय? मी चाळीस धरले. तरी ऑपरेशनच!

८ फेब्रुवारी
सापडली चूक. माझ्या आजच्या अवस्थेला ०.४ गुण दिले होते, तेही कण्हताना. शांतपणे पाहिलं तर ०.९. 'थांबून बघणे' दणक्यात पहिलं आलं. खर्चही शून्य. बायको म्हणाली, एवढे ठणठणीत आहात तर मोजे आपले आपण घाला. तिला शास्त्रातलं कळत नाही. मोजे उद्या.

१२ फेब्रुवारी
खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींचीही चकती सरकलीय. त्यांना झाड समजावलं. भला माणूस! दोन तास ऐकलं, मान डोलावली. हातावर हात मारून ठरवलं, दोघांनीही सुरीखाली जायचं नाही. त्यांना एक प्रत दिली. रंगीत.

१९ फेब्रुवारी
मुलीनं आकडे तपासले. म्हणाली, बाबा, तीस वर्षं पुढची धरलीत, तुम्ही बहात्तरचे आहात. म्हटलं, अगं, हिशेबाला आशा लागते. मग म्हणाली, खर्च शून्य कसा? आई तुम्हाला उठवते, बसवते, आंघोळ घालते, तिची कंबर कुणी मोजायची? म्हटलं, घरची माणसं हिशेबात धरायची नसतात. फोन कट झाला. नेटवर्क असेल.

२६ फेब्रुवारी
डाव्या पायातली चप्पल सारखी निसटते. पट्टा सैल झालाय. नवी घ्यावी.

२ मार्च
घात! घड्याळजींचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झाले. मी सोडून सगळ्या जिन्याला माहीत. बायको तर त्यांना डबाही पोचवत होती, माझ्याच घरून! आज भेटायला आले. चालत. कठडा न धरता. विचारलं, झाडाचं काय झालं? म्हणाले, दादा, झाड झकास होतं हो, पण मला चालायचं होतं. केसानं गळा कापला. प्रत परत मागितली, तर नातीनं पाठीमागे हत्ती काढलाय म्हणे.

३ मार्च
नवी चप्पलही निसटते. हल्ली मालच टिकत नाही.

५ मार्च, दुपारी
बायकोनं मला न विचारता डॉक्टरांची वेळ घेतली. घरातच फितुरी! झाड बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी घडी उलगडली, पूर्ण वाचलं, रेघा सुरेख आहेत म्हणाले, आणि मला टेबलावर आडवं केलं. डाव्या पायाचा अंगठा वर उचला म्हणाले. उचलला. पुन्हा म्हणाले, उचला. मी छताकडे बघत म्हटलं, उचललाय की.
शेवटी बायको हळूच म्हणाली, अहो, नाही उचललेला.